खडप, पोवळे आणि प्रवाळ : मालवण बंदरातील काही शब्दांचा विचार

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण हे मासेमारीचे जुने बंदर होय. इतिहासाच्या अभ्यासकांस ते सिंधुदुर्ग किल्ल्यामुळे परिचित आहे आणि भाषेच्या अभ्यासकांस त्याच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या बोलीमुळे. गेल्या काही दशकांत ह्या बंदराच्या कीर्तीस तिसरे कारण लाभले आहे. किल्ल्याच्या आसपासच्या उथळ पाण्यात जिवंत प्रवाळ आहेत व ते पाहण्यासाठी, तोंडावर काचेचा मुखवटा चढवून आणि श्वासनळी दातांत धरून, पाण्यावर पालथे तरंगण्याकरिता दूरदूरचे प्रवासी येथे येतात. ह्या तिसऱ्या कीर्तीचा भाषेशी काय संबंध, असा प्रश्न वाचकाच्या मनात उद्भवणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर देण्याचा यत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

बंदरावर थोडा काळ काढला तरी एक गोष्ट ध्यानात येते. पाण्याखालच्या एकाच वस्तूस येथे चार नावे आहेत. मच्छीमाराच्या लेखी ते खडप आहे; जीवशास्त्रज्ञ व सरकारी अधिकारी त्यास प्रवाळ म्हणतात; प्रवाशांना नेणारा नाववाला कोरल म्हणतो; आणि घरात त्या वस्तूची आठवण देणारा एकच शब्द रूढ आहे, तो म्हणजे गळ्यातल्या माळेतील पोवळे. ह्या चार शब्दांचे अर्थ एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. ते कोठे जुळत नाहीत आणि न जुळण्याचे परिणाम काय होतात, हे पाहणे उद्बोधक आहे.

१. बंदर आणि त्याचे नाव

प्रथम स्थळाचा परिचय. मालवणच्या समोर, किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर, कुरटे नावाचे खडकाळ बेट आहे. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी ह्या बेटावर किल्ल्याच्या बांधकामास प्रारंभ केला व १६६७ मध्ये ते पूर्ण झाले. वायरी येथील किनाऱ्यावर ज्या खडकापाशी मुहूर्ताची पूजा झाली असे सांगतात, तो खडक 'मोरयाचा धोंडा' म्हणून आजही दाखविला जातो. किल्ल्याचे संरक्षण केवळ तटबंदीने होत नव्हते. सभोवार पाण्याखाली दडलेल्या खडकांची एक वेडीवाकडी साखळीच आहे आणि धोंतारा व पद्मगड ह्या दोन खडकाळ बेटांमधील अरुंद वाटेनेच होड्या आत जातात. परक्या गलबताच्या तळास भोक पाडणारे जे खडक, तेच प्रवाळांना बसण्यासाठी कठीण पाया पुरवितात. किल्ल्याची जागा निवडणारी दृष्टी आणि प्रवाळांची वसती ह्या दोहोंस एकाच भूरचनेने साहाय्य केले आहे.

'मालवण' ह्या नावाच्या दोन व्युत्पत्ती लोकांत रूढ आहेत. एक 'महालवण', म्हणजे मोठे मिठागर किंवा खारवट जागा. दुसरी 'माडबन', म्हणजे माडांचे बन. दुसरी व्युत्पत्ती आजच्या देखाव्याशी जुळते, म्हणून ती लोकप्रिय असावी. परंतु ती स्वीकारण्यास एक अडचण आहे. ह्याच किनाऱ्यावर उत्तरेस, राजापूर तालुक्यात, माडबन नावाचे गाव आहे आणि त्याच्या नावातील 'ड' व 'ब' हे दोन्ही वर्ण जसेच्या तसे टिकून आहेत. शेजारच्याच टापूत एका गावी हे वर्ण अविकृत राहिले आणि दुसऱ्या गावी त्यांचे 'ल' व 'व' झाले, असे मानण्यास वेगळे कारण दाखवावे लागेल. शिवाय 'बन' ह्या शब्दातील 'न' दंत्य आहे. मालवण शब्दाच्या अंती मूर्धन्य 'ण' आहे. 'लवण' शब्दात हा 'ण' मुळातच आहे आणि 'महा' चा संकोच होऊन 'मा' होणे मराठीस अपरिचित नाही. म्हणून पहिली व्युत्पत्ती अधिक ग्राह्य वाटते. स्थलनामाची व्युत्पत्ती करताना आजचे दृश्य हा पुरावा धरू नये, एवढा धडा विद्यार्थ्यांनी ह्यातून अवश्य घ्यावा.

येथील बोलीची नोंद ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-पाहणीच्या सातव्या खंडात (१९०५) आहे आणि डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या पाहणीत 'कुडाळी' ह्या नावाने तिचे विवेचन १९६५ मध्ये प्रसिद्ध केले. प्रमाण मराठीतील आकारान्त पुल्लिंगी नामे येथे ओकारान्त असतात. बांगडा हा येथे बांगडो होतो, सरंगा सरंगो होतो, खेकडा खेकडो होतो. मासळीच्या बाजारात पाच मिनिटे उभे राहणाऱ्यास हे लक्षण पुस्तकाशिवाय उमगते. त्याच रस्त्यावरील खाणावळींच्या पाट्यांवर मात्र प्रमाण रूपे दिसतात, आणि ज्या माशास दक्षिण कोकणात इसवण म्हणतात तो पाटीवर 'सुरमई' होऊन बसतो. कारण पाटी मुंबईच्या पाहुण्यासाठी लिहिलेली असते. बाजाराची बोली आणि पाटीची भाषा ह्यांतील हे अंतर पुढील विवेचनात उपयोगी पडेल.

२. मालवणचे प्रवाळ

प्रवाळ हा प्राणी आहे. त्याचा एकेक जीव लहान असतो. तो स्वतःभोवती चुन्याचे कवच तयार करतो आणि असे असंख्य जीव एकत्र राहून दगडासारखी वसाहत उभारतात. ह्या जीवांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. सूर्यप्रकाशाच्या योगाने ते शैवाल अन्न निर्माण करते व त्यातील मोठा वाटा प्रवाळास देते. मोबदल्यात त्यास आसरा आणि खते मिळतात. म्हणूनच अशा प्रवाळांस उथळ, उबदार व प्रकाश पोचू देणारे पाणी आवश्यक असते. पाण्याचे तापमान नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी वाढून काही आठवडे तसेच राहिले, तर ही भागीदारी मोडते. शैवाल बाहेर टाकले जाते, प्रवाळाचा रंग जातो आणि तो पांढरा फटफटीत दिसू लागतो. ही स्थिती लांबली तर प्रवाळ उपासमारीने मरतो.

लक्षद्वीपप्रमाणे प्रवाळांनीच रचलेली बेटे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर नाहीत. येथे पावसाळ्यात नद्या गोडे व गढूळ पाणी मोठ्या प्रमाणावर समुद्रात ओततात. मालवणच्या दक्षिणेस देवबागजवळ कर्ली नदी समुद्रास मिळते. गाळ प्रकाश अडवितो आणि प्रवाळांवर साचतो. म्हणून येथे खडकास चिकटून पसरणारे किंवा गोलाकार, ठोकळ्यासारखे वाढणारे, गाळ सोसणारे प्रकार मुख्यत्वे आढळतात. त्यांच्या वसाहती सलग नसून तुटक आहेत. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील कासिम व वफर यांनी पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याचे १९७९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांत मालवणचा समावेश होता. ह्याहून विस्तृत प्रवाळक्षेत्र खुल्या समुद्रात, किनाऱ्यापासून सुमारे शंभर किलोमीटरांवर, आंग्रिया नावाच्या बुडालेल्या पठारावर आहे. सागरी नकाशांतील हे नाव कान्होजी आंग्रे यांच्या घराण्यावरून आले आहे. कोकणच्या दर्यावर ज्यांच्या पराक्रमाने परकीय कंपन्या त्रासल्या, त्यांचे आडनाव त्याच परकीयांच्या उच्चारात, समुद्राच्या तळाशी कायम राहिले.

गोलाकार प्रवाळांची वाढ अत्यंत मंद असते. वर्षाकाठी सुमारे अर्धा ते दोन सेंटिमीटर एवढीच ती होते. डोक्याएवढी वसाहत तयार होण्यास एक-दोन पिढ्यांचा काळ लागतो. पोहणाऱ्याने दमून तिच्यावर पाय टेकला तर वरचा जिवंत पापुद्रा क्षणात चिरडला जातो. ज्यास आपण पाय टेकण्याजोगा दगड समजतो तो सजीव आहे, हे माहीत असणे वा नसणे येथे केवळ शब्दज्ञानाचा विषय राहत नाही.

३. पोवळे : बाहेरून आलेल्या रत्नाचे नाव

आता शब्दांकडे वळू. संस्कृत 'प्रवाल' शब्दाचे दोन अर्थ आहेत, कोवळा अंकुर आणि पोवळे. दुसरा संस्कृत शब्द 'विद्रुम'. त्यात तर 'द्रुम' म्हणजे वृक्ष उघडच आहे. प्रवाळ ही वनस्पती आहे अशी समजूत ह्या दोन्ही शब्दांत गोठलेली दिसते. ही समजूत केवळ भारतीयांची नव्हती. युरोपातही अठराव्या शतकापर्यंत विद्वान प्रवाळास वनस्पतीच मानीत. मार्सेय येथील पेसोनेल याने तो प्राणी असल्याचे प्रतिपादन केले तेव्हा त्याचे म्हणणे मान्य होण्यास कित्येक वर्षे जावी लागली.

'प्रवाल' वरून प्राकृतात 'पवाल' व त्यापासून मराठीत 'पोवळे' झाले. आद्य जोडाक्षराचे सुलभीकरण, स्वरमध्यस्थ 'ल' चा 'ळ' आणि 'व' च्या सान्निध्याने आधीच्या अकाराचा ओकार, हे तिन्ही विकार मराठीच्या नियमास धरून आहेत. म्हणजे 'पोवळे' हा परंपरेने चालत आलेला तद्भव शब्द आहे. 'प्रवाळ' ची गोष्ट वेगळी आहे. त्यातील 'प्र' हे जोडाक्षर शाबूत आहे, म्हणजे तो ग्रंथांतून पुन्हा उचललेला आहे. परंतु शेवटी मराठी 'ळ' आहे. असा हा अर्धतत्सम शब्द पंडिताने आणला आणि मराठी जिभेने थोडा वळविला.

अर्थाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, 'पोवळे' ह्या घरगुती शब्दाने निर्दिष्ट होणारी वस्तू कोकणच्या समुद्रातील नाही. माळेतील तांबडे पोवळे भूमध्य समुद्रातील एका वेगळ्या जातीच्या प्रवाळापासून होते. त्या जातीत प्रकाशावर जगणारे शैवाल नसते. ती खोल व अंधाऱ्या जागी, कपारींत वाढते. ह्या पोवळ्यांचा भारताशी व्यापार फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' ह्या ग्रीक प्रवासपुस्तकात भारतीय बंदरांत उतरणाऱ्या मालात पोवळ्यांचा उल्लेख आहे, आणि रोमन लेखक प्लिनी सांगतो की, रोमन स्त्रियांस भारतीय मोत्यांची जेवढी हौस तेवढीच भारतीयांस पोवळ्यांची. कौटिलीय अर्थशास्त्रात प्रवालाच्या एका प्रकारास 'आलकंदक' म्हटले आहे. त्या शब्दात अलेक्झांड्रिया ह्या नगराचे नाव दडले असल्याचे फ्रेंच पंडित सिल्व्हाँ लेव्ही यांनी सुचविले आहे.

सारांश, मराठी भाषेस प्रवाळाचे नाव होते, पण ते हजारो कोस दूरच्या समुद्रातून आलेल्या रत्नाचे होते. दाराशीच जी वस्तू पाण्याखाली वाढत होती, तिच्याकडे हा शब्द कधी वळला नाही. व्यापाराने आणलेली वस्तू नावासह घरात आली. दारची वस्तू दगडांत मोडली गेली.

४. खडप : मच्छीमाराचे ज्ञान

दारच्या त्या वस्तूस मच्छीमार 'खडप' म्हणतो. खडक, कातळ, पाण्यात असलेला वा अर्धवट उघडा पडणारा दगड, हे सारे ह्या शब्दात येते. त्यावर प्रवाळ आहे की नाही, हा भेद तो करीत नाही. एवढ्यावरून मच्छीमारास प्रवाळाचे ज्ञान नव्हते असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो भाषाशास्त्राच्या दृष्टीने उतावळेपणाचा ठरेल. शब्द नाही म्हणून ज्ञान नाही, असे मानण्याची चूक आपल्या शास्त्रात पुष्कळदा झाली आहे. ज्ञान कोणत्या कप्प्यात साठविले आहे, हे आधी शोधावे लागते.

ते येथे तीन कप्प्यांत आढळते. पहिला कप्पा मासळीच्या नावांचा. शेवंड, गोब्रा, तांबोशी ही खडपाच्या कपारींत व आश्रयाने राहणारी मासळी आहे. बांगडा व तारली ह्यांचे थवे मोकळ्या पाण्यातून येतात. तिसऱ्या खाडीच्या वाळूत व चिखलात सापडतात. कोणती मासळी कोठे राहते ह्याची ही वाटणी म्हणजे समुद्रतळाचा नकाशाच होय. प्रवाळ मेला तर त्याच्या कपारी कालांतराने झिजतात आणि त्या आश्रयास असलेली मासळी जाते. मच्छीमार हे नुकसान 'शेवंड मिळत नाही' ह्या शब्दांत मोजतो. शास्त्रज्ञ ते प्रवाळाच्या आच्छादनाच्या टक्केवारीत मोजतो.

दुसरा कप्पा स्थाननिश्चितीचा. यंत्रे येण्यापूर्वी पाण्याखालचा खडक शोधण्याची जगभरच्या कोळ्यांची रीत एकच होती. किनाऱ्यावरील दोन खुणा, एक जवळची व एक दूरची, एका रेषेत आणावयाच्या आणि अशा दोन रेषा जेथे एकमेकींस छेदतात तेथे थांबावयाचे. खोली मोजण्याचे परिमाण 'वाव'. पसरलेल्या दोन्ही हातांमधील अंतर म्हणजे एक वाव. संस्कृत 'व्याम' पासून हा शब्द आला. आंग्रियाच्या पठाराचा सर्वांत उथळ भाग सुमारे वीस मीटरांवर आहे, म्हणजे ह्या परिमाणाने सुमारे ११ वाव. दोरी हातांनी ओढणारास मीटरपेक्षा वाव सोयीचा, कारण तो मोजण्याचे साधन खांद्यालाच जोडलेले असते.

तिसरा कप्पा पाण्याच्या गतीचा. प्रमाण मराठीतील ओहोटीस येथे 'सुकती' म्हणतात. गोव्याच्या कोकणीतही हाच शब्द आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती ती 'उधाण' आणि अष्टमीच्या सुमाराची मंद भरती तो 'भांग'. उधाणाच्या दिवसांत प्रवाह जोराचा असतो व तळचा गाळ ढवळला जातो. भांगाच्या दिवसांत पाणी तुलनेने संथ राहते. प्रवाळ पाहू इच्छिणाऱ्याने पावसाळा टाळावा, हे कोणीही सांगेल. परंतु पंचांगातील तिथी पाहून निघावे, हे ह्या दोन शब्दांवरूनच शिकता येते.

५. रापण आणि तिचा वाटा

खडपाशी असलेले मच्छीमाराचे नाते समजण्यासाठी जाळ्यांकडे पाहिले पाहिजे. मालवण किनाऱ्यावरील पारंपरिक सामुदायिक मासेमारी म्हणजे रापण. होडीतून लांबलचक जाळे अर्धवर्तुळात समुद्रात सोडतात आणि किनाऱ्यावर उभे राहून पुष्कळ माणसे दोन्ही टोके ओढतात. गोव्यात ह्याच शब्दाचे रूप सानुनासिक 'रांपण' असे आहे. तेथील रांपणकारांनी १९७० नंतरच्या दशकात यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध मोठे आंदोलन उभारले होते. मालवणी रूपात अनुनासिक उरलेला नाही. नियमित ध्वनिभेदाचा विद्यार्थ्याने तपास करावा असे हे एक उदाहरण आहे.

रापणीत मिळालेल्या मासळीचे 'वाटे' पडतात. जाळ्यात भागीदारी असणारे, होडी हाकणारे आणि दोर ओढणारे ह्यांचे हिस्से ठरलेले असतात. ह्या व्यवस्थेत पगार नाही, वाटा आहे. आणि वाटा हा शब्द हक्क व श्रम ह्या दोहोंचा निर्देश करतो. रापण वाळूच्या तळावरूनच ओढता येते. खडप आले की जाळे फाटते. म्हणून रापणकर खडपापासून दूर राहतो. प्रवाळांवर दया म्हणून तो दूर राहत नसला, तरी प्रवाळांचे रक्षण त्याच्या हातून होत आले.

यांत्रिक नौका, ट्रॉलरची तळ खरवडणारी जाळी आणि मासळीचा थवाच्या थवा कवेत घेणारी पर्ससीन जाळी आली, तेव्हा हा तोल बिघडला. 'ट्रॉलर', 'पर्ससीन' व 'एलईडी' हे इंग्रजी शब्द आज किनाऱ्यावर सर्वांच्या तोंडी आहेत, आणि ते भांडणाचे शब्द म्हणून बोलीत शिरले आहेत. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ मध्ये झाला, डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्य शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले. प्रखर दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीस केंद्र शासनाने २०१७ मध्ये मनाई केली. आणि १९८१ च्या अधिनियमात २०२१ मध्ये सुधारणा झाली. रापणीचे शब्द वाट्याचे आहेत, ह्या नव्या साधनांचे शब्द यंत्राचे आहेत. एका व्यवस्थेकडून दुसरीकडे जाताना शब्दसंग्रहात कोणता भाग गळून पडतो, हे येथे आपल्या डोळ्यांदेखत घडत आहे.

६. नांगर आणि स्नॉर्कल

प्रवाशांची होडी प्रवाळांपाशी जाऊन नांगर टाकते. मराठीत शेतीचे अवजार आणि गलबत रोखून धरणारे लोखंड, दोहोंस 'नांगर' हाच शब्द आहे. शेतीचा नांगर संस्कृत 'लाङ्गल' पासून आला, ह्यात संशय नाही. गलबताच्या नांगरामागे फारसी 'लंगर' असावा असे मानावयास जागा आहे. बंदर, दर्या हे शब्दही फारसीतून आलेले आहेत, तर 'आरमार' पोर्तुगिजांकडून. भिन्न मुळांचे दोन शब्द ध्वनीने जवळ येऊन एकरूप झाले, असे हे उदाहरण दिसते. प्रवाळांवर मात्र दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडतात. वाऱ्याने होडी सरकली की नांगर तळावरून ओढला जातो आणि प्रवाळांची वसाहत खरोखरच नांगरली जाते. अशा ठिकाणी कायमचे बोये बसवून होड्या त्यांसच बांधणे, हा सर्वत्र मान्य झालेला उपाय आहे.

'स्नॉर्कल' हा शब्द जर्मन आहे. पाणबुडीस पाण्याखाली असताना हवा पुरविणाऱ्या नळीस जर्मन नाविकांनी दुसऱ्या महायुद्धात 'श्नॉर्खेल' म्हटले. घोरणे ह्या अर्थाच्या जर्मन क्रियापदाशी त्याचे नाते आहे. युद्धनौकेच्या नळीचे नाव पोहणाऱ्याच्या नळीस मिळाले आणि इंग्रजीमार्गे ते मालवणच्या पाटीवर आले. मराठीत 'पाणबुड्या' म्हणजे बुडी मारणारा माणूस आणि 'पाणबुडी' म्हणजे बुडणारी नौका, असा लिंगभेदाने अर्थभेद साधलेला आहे. 'स्कूबा' ची जात निराळी. तो पाच इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांनी बनलेला आहे, पण बोलणाऱ्यास त्याची जाणीव नसते. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षण संस्था २०१५ मध्ये सुरू झाली. रापण ओढणाऱ्या घरांतील तरुण आता ह्या नव्या शब्दसंग्रहात वावरू लागले आहेत. एकाच कुटुंबात बाप 'खडप' म्हणतो आणि मुलगा 'कोरल' म्हणतो. बापाच्या शब्दात धोका आणि मासळी आहे. मुलाच्या शब्दात पाहुणा आणि रोजगार आहे. वस्तू सजीव असल्याची जाणीव मात्र दुसऱ्या शब्दाबरोबर प्रथमच बोलीत आली, हेही नमूद केले पाहिजे.

७. 'अभयारण्य' ह्या शब्दाविषयी

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्रफळ २९.१२ चौरस किलोमीटर असून किल्ला व पद्मगड यांच्या परिसरातील सुमारे तीन चौरस किलोमीटरांचा भाग गाभाक्षेत्र आहे. पुढे २००१ मध्ये प्रवाळांचा समावेश ह्याच अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, झाला. तेव्हापासून मालवणच्या पुळणीवरून प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून उचलून नेणे हाही कायद्याने अपराध आहे.

स्थानिक मच्छीमारांनी ह्या अभयारण्यास विरोध केला. त्याचे मूळ उपजीविकेच्या भयात आहे आणि ते भय निराधार म्हणता येत नाही. परंतु शब्दाचाही त्यात वाटा आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते. 'अभयारण्य' म्हणजे भयरहित अरण्य. हा शब्द जमिनीवरील वनासाठी घडविला गेला. त्यामागे 'सागरी' हे विशेषण लावून तो पाण्यावर नेला. अरण्य म्हटले की वन विभाग आला, हद्द आली, प्रवेशबंदी आली. आपला दर्या एका रात्रीत अरण्य झाला हे ऐकणाऱ्यास त्यात 'अभय' कोणाला, हा प्रश्न पडणारच. अधिसूचनेत ज्या प्रवाळांचे रक्षण अभिप्रेत होते त्यांस त्याच्या भाषेत नाव नव्हते. त्याच्या भाषेत ज्यांस नाव होते ती शेवंड, ते खडप, ती सुकती अधिसूचनेच्या परिभाषेत नव्हती. हेच उद्दिष्ट 'खडप राखले तर शेवंड राहील' अशा शब्दांत मांडले असते, तर विरोध मावळला असता असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. मात्र संवादास आरंभ झाला असता, एवढे खात्रीने म्हणता येईल. परिभाषा घडविणाऱ्या विद्वानांनी ज्या लोकांवर ती लागू व्हावयाची त्यांचा कोश आधी उघडून पाहावा, हे येथील शिक्षण आहे.

८. अभ्यासकांनी काय करावे

आपल्या विभागातील विद्यार्थी ह्या किनाऱ्यावर गेले तर पुढील कामे त्यांना सहज हाती घेता येतील. एक, पाण्याखालच्या प्रत्येक ज्ञात खडपाचे नाव, त्याच्या खुणांच्या रेषा व वावांतील खोली ह्यांची नोंद करावी. उपग्रहाधिष्ठित यंत्र आल्यापासून ह्या खुणांची गरज उरलेली नाही, म्हणून त्या सर्वांत आधी विसरल्या जातील. दोन, मासळीची नावे घेताना केवळ यादी करू नये. मासा कोणत्या तळावर, कोणत्या तिथीस आणि कोणत्या जाळ्यात सापडतो, हे वाक्यांसह टिपावे. तीन, रापणीच्या वाट्यांची नावे व ओढताना दिल्या जाणाऱ्या हाका ध्वनिमुद्रित कराव्या. चार, एकाच घरातील दोन पिढ्यांकडून एकाच वस्तूची नावे स्वतंत्रपणे विचारावी. माहिती देणाऱ्याचे नाव त्याच्या अनुमतीवाचून छापू नये, आणि मासळीच्या चांगल्या जागा तर मुळीच प्रसिद्ध करू नयेत. ते ज्ञान त्यांचे भांडवल आहे.

जाण्यास पावसाळ्यानंतरचा हिवाळ्याचा काळ बरा. नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ अर्पण झाल्यावर होड्या पुन्हा पाण्यात उतरतात व पुढे काही आठवड्यांनी पाणी निवळू लागते. भांगाची तिथी पाहावी. पाण्यात उतरलात तर खडपावर पाय टेकू नये, आणि होडीवाल्याने नांगर टाकण्यापूर्वी तो कोठे टाकणार हे विचारावे. हा प्रश्न विचारण्यास 'प्रवाळ' शब्दाची आवश्यकता नाही. 'खडपार पडात काय?' एवढे विचारले तरी त्याला समजेल, आणि बोलीच्या अभ्यासास तेथूनच आरंभ करता येईल.